पोरांना शिकायची इच्छाच नाही म्हणता, मग पहाटे पाचला धावतात कसे?

प्रश्न एका मॅडमचा आहे. तालुक्याच्या गावी बीएला अर्थशास्त्र शिकवतात, सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर, दुसरंच वर्ष आहे त्यांचं. पटावर ८० नावं, वर्गात येतात १२-१५, त्यातले निम्मे मोबाइलमध्ये, काही विचारलं की सगळ्यांच्या माना खाली, अन् परीक्षा आठ दिवसांवर आली की "मॅडम आयएमपी द्या ना", म्हणजे पेपरात येणारे महत्त्वाचे प्रश्न सांगा, म्हणून रांग. शेवटी त्यांनी लिहिलंय, "मुलांमध्ये इच्छाच नाही, ती मी कुठून आणू?" मी २६ वर्षं अमरावती-यवतमाळ पट्ट्यातल्या ग्रामीण कॉलेजांत हाच विषय शिकवतोय, त्यामुळे थोडं लांबेल पण सगळंच लिहितो.

मॅडम, एक दिवस पहाटे पाचला गावाबाहेरच्या रोडवर जाऊन या. तुमच्याच वर्गातले पोट्टे तिथं धावताना दिसतील, पोलीस भरतीसाठी. थंडी असो, धुकं असो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, मग १०० मीटर अन् गोळाफेक, असे मैदानी चाचणीचे ५० गुण, अन् त्यानंतर लेखी १०० गुणांची. कोणी हजेरी घेत नाही, कोणी दंड लावत नाही, शिकवायलाही बहुतेक ठिकाणी कोणी नसतं, गावातलाच एखादा आधी भरती होऊन आलेला पोरगा सुट्टीवर आला की सांगून जातो तेवढंच. हेच पोरगं अकरा वाजता तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर मान टाकून बसतं. म्हणजे इच्छा नाही हे आपलं निदानच चुकलंय. इच्छा आहे, ती आपल्या वर्गाकडे वळत नाही, अन् का वळत नाही ते शोधता येतं.

त्या रोडवर काय आहे जे आपल्या वर्गात नाही, एवढंच बघा. एक तर मोबाइलचं स्टॉपवॉच आहे, काल सहा मिनिटं दहा सेकंद लागले होते, आज सहा मिनिटं झाली, म्हणजे आपण सुधरून राहिलो हे रोज डोळ्याला दिसतं. दुसरं, बरोबर चार मित्र आहेत. तिसरं, याचा पुढं उपयोग काय हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही, चुलत भाऊ भरती झालाय अन् त्याचं घर पक्कं झालंय हे त्यानं पाहिलंय. चौथं, चुकला तर हसणारं कोणी नाही. आता आपला वर्ग घ्या. सहा महिने शिकवायचं, शेवटी एक पेपर, निकाल त्यानंतर कधीतरी, अन् तोवर त्याला कळतच नाही की आपल्याला काही येतंय की नाही.

जॅकलिन एक्लस अन् अॅलन विगफिल्ड या दोन संशोधकांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. त्यांची मांडणी मी माझ्या भाषेत अशी सांगतो, की कोणतंही काम हातात घ्यायच्या आधी माणूस मनातल्या मनात तीन गोष्टी तोलतो: मला हे जमेल का, हे माझ्या कामाचं आहे का, अन् यात माझं काय काय जाईल. शेतकरी नवीन वाण लावताना हेच तर करतो. पहिल्या दोन्हींतली एक जरी शून्य झाली तरी काम होत नाही असं धरून चला, बेरीज नाही तर गुणाकार आहे तो. विषय कितीही कामाचा असू दे, "मले हे जमतच नाही" असं एकदा मनात बसलं की उत्तर शून्य. आपण मास्तर लोक बहुतेक दुसऱ्या प्रश्नावरच बोलत बसतो, "हे आयुष्यात उपयोगी पडेल बरं का". माझा इतक्या वर्षांचा अनुभव म्हणतो की ग्रामीण कॉलेजात खरी अडचण पहिल्या अन् तिसऱ्या प्रश्नात असते.

पहिल्याचं उदाहरण सांगतो, कारण माझे डोळे ज्यानं उघडले ते हेच. बीए सेकंड इयर, मागणीची लवचिकता चालू होती. तीन तास घेतले, फळा भरून लिहिलं, सगळे गप्प. मी रागावलो, आईबाप उन्हात राबतात अन् तुम्हाला त्याची काही किंमत नाही असं सगळं बोललो. दुसऱ्या दिवशी आणखी आठ-दहा जण कमी झाले. मग तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत वहीचं अर्धं पान फाडायला सांगितलं, नाव लिहायचं नाही, आज काय समजलं अन् कुठं गाडी अडली तेवढं दोन ओळीत लिहा, दाराजवळच्या बाकावर ठेवून जा. ४१ चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक चार घड्या घालून पार बोटाएवढी केलेली होती, उघडली तर आत लिहिलेलं, "सर मले टक्केच काढता येत नाही. बारावीत पण येत नव्हते. आता कोणाले विचारू."

लवचिकता म्हणजे मागणी शेकडा किती बदलली त्याला किंमत शेकडा किती बदलली त्यानं भागायचं. ज्याला शेकडा हा शब्दच परका, त्याला मी तीन तास काय शिकवत होतो? बाकीच्या चिठ्ठ्या वाचल्या तर आणखी बारा-तेरा जणांचं तेच होतं, वेगवेगळ्या शब्दात. हे सगळे आळशी म्हणून माझ्या डोक्यात नोंदलेले होते.

मी वेगळा रेमेडियल वर्ग लावला नाही, मुद्दाम. तसा वर्ग लावला की तो "ढ पोरांचा वर्ग" होतो अन् ज्याला खरी गरज आहे तोच येत नाही. पुढचे दोन आठवडे रोज सगळ्यांनाच पहिली पंधरा मिनिटं टक्केवारी. घरून मार्केटची हिशेबपट्टी आणायला सांगितली, जी असेल ती, कापसाची, तुरीची, सोयाबीनची. वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, मग शंभरातले किती कापले? कापसाचा ओलावा तर सगळ्यांच्या घरचा विषय. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, त्याच्यावर गेलं की त्या प्रमाणात भाव उतरतो, अन् १२ च्या वर गेला तर माल घेतच नाही. हे पोरांना पाठ असतं, बापाबरोबर गाडी घेऊन उभे राहिलेले असतात ना सेंटरवर. १० टक्के ओलावा निघाला तर क्विंटलमागं किती गेले, हे त्यांनी बोटावर काढलं. मी फक्त म्हटलं की याच्यालाच टक्केवारी म्हणतात.

मग लवचिकतेवर परत आलो. वरुडकडचा एक पोरगा होता, त्यांचा संत्र्याचा बगीचा, व्यापारी उभा बगीचाच अंदाजानं घेऊन जातो तशातला. कधी तोंड उघडत नव्हता. मी विचारलं, ज्या वर्षी सगळीकडंच संत्रं भरपूर येते त्या वर्षी बगीचेवाल्याच्या हातात पैसा जास्त येतो का कमी? तो बसूनच म्हणाला, "कमी येते सर. मागच्या अंबिया बहाराले झाडं वाकली होती अन् बाबा म्हणे औंदा फवारणीचे बी नाही निघाले." त्याला मी फळ्याजवळ बोलावलं अन् हेच आकड्यात मांडायला लावलं: माल किती टक्के वाढला, भाव किती टक्के पडला. मागणी अलवचीक असली, म्हणजे भाव बदलला तरी ती फारशी हलत नसली, की भाव थोडाथोडका नाही, मालाच्या वाढीपेक्षाही जास्त पडतो, म्हणून पीक वाढूनही उत्पन्न घटतं. पुस्तकातलं वाक्य त्याच्या घरात आधीच घडून गेलेलं होतं, त्याला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर तो पुढच्या बाकावर बसायला लागला, मी काही सांगितलं नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये यावर लिहिलंय, आपल्याला जमेल हा विश्वास माणसात येतो कुठून. सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून पाहिल्यावर अन् ते जमल्यावर. त्याच्या खालोखाल आपल्यासारख्याच कोणाला तरी जमलेलं पाहून. दुसऱ्यानं "तुला जमेल रे" म्हणणं त्याच्याही खाली येतं, अन् चौथं म्हणजे त्या वेळी छातीत धडधडतंय की मन शांत आहे, यावरूनही माणूस स्वतःचा अंदाज घेतो. आता बघा, आपण कॉलेजात काय करतो, वर्षातून एकदा मोटिवेशनल वक्ता बोलावतो, दोन तास भाषण, पोरं टाळ्या वाजवतात, अन् सोमवारी पहिले पाढे पंचावन्न. तो माणूस वाईट नसतो, पण तो तिसऱ्या नंबरचं औषध देऊन जातो अन् पहिल्या नंबरचं आपण वर्गात देत नाही. त्याच्या ऐवजी मी आपल्याच कॉलेजातून पास झालेले बोलावतो. कोणी ग्रामसेवक झालाय, कोणी बँकेत लागली, एकानं कृषी केंद्र टाकलंय. भाषण करायचं नाही, फक्त बी.ए. करताना कुठल्या विषयात नापास झालो अन् मग काय केलं ते सांगायचं. त्याच गावचा, त्याच एसटीनं आलेला, त्याच पेपरला एटीकेटी लागलेला माणूस समोर बसला की पोरं प्रश्न विचारतात, कलेक्टर साहेब आले तर विचारत नाहीत.

अन् स्वतः करून पाहायला मिळावं म्हणून दर शनिवारी पाच प्रश्नांची दहा मार्कांची चाचणी. पहिले दोन प्रश्न असे की ज्यानं आठवड्यात दोन तास जरी केले असतील त्याला यायलाच पाहिजेत. तपासून त्याच दिवशी परत, मी मधल्या सुट्टीत बसून तपासतो, ३०-३५ पेपरला वेळ लागत नाही. कमी पडले तर बुधवारी तीच चाचणी वेगळे आकडे घालून परत देता येते अन् जास्तीचे मार्क धरले जातात. हे स्टॉपवॉचच आहे दुसरं काही नाही. पोरं वहीच्या मागच्या पानावर आपापले मार्क लिहून ठेवायला लागली, चार, पाच, चार, सात. इंटर्नलचे थोडे मार्क याला जोडले होते पण पोरं त्या मार्कांसाठी नाही, त्या मागच्या पानासाठी यायची असं मला वाटतं.

मार्कांचं आमिष किती दाखवावं याबद्दल सांगतो, कारण हजेरीला मार्क द्यायची कल्पना तुमच्याही मनात येईल, सगळ्यांच्याच येते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन अन् निस्बेट यांचा एक प्रयोग छापून आला. बालवाडीतली लेकरं, ज्यांना स्केचपेननं चित्र काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना आधी न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी पेन नुसते टेबलावर ठेवून पाहिलं, तर ज्यांना आधी कबूल केलं होतं ती लेकरं बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास वेळच चित्राजवळ बसली. अचानक दिलेल्या बक्षिसानं तसं काही झालं नाही. म्हणजे बक्षीस वाईट नाही, पण "हे कर म्हणजे ते देतो" असा सौदा केला की आवडीचं कामही मजुरी होऊन जातं. याचा अर्थ ७५ टक्के हजेरीचा नियम सोडा असं मी म्हणत नाही, तो विद्यापीठाचा नियम आहे अन् पाळावाच लागतो. पण त्या नियमानं पोरगं बाकावर येतं, शिकायला बसतंच असं नाही. जिथं आवडच तयार झाली नाही तिथं सुरुवातीला थोडा मार्कांचा टेकू द्यायला माझी हरकत नाही, नंतर तो हळूहळू काढून घ्यायचा.

एडवर्ड डेसी अन् रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की माणसाला मनापासून काम करायला तीन गोष्टी लागतात: थोडं आपल्या मर्जीनं करता येणं, आपल्याला येतंय असं वाटणं, अन् आपलं कोणीतरी तिथं असणं. येतंय असं वाटण्याचं झालं. आता मर्जीचं.

आपल्याकडे सिलॅबस विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, मर्जी कुठून द्यायची? असाइनमेंटमध्ये द्यायची. मी आधी "भारतीय शेतीच्या समस्या" असा विषय द्यायचो अन् मला गाइडमधल्या सारख्या छापाच्या ६० प्रती यायच्या. आता सहा विषय फळ्यावर लिहितो अन् सातवा तुमचा तुम्ही ठरवा म्हणतो. घरचा एकरी खर्च, गावातल्या बचत गटाचं वर्षभराचं पुस्तक, आठवडी बाजारात एका भाजीचा सकाळचा अन् संध्याकाळचा भाव, एसटीचा पास नसता तर कॉलेज किती महाग पडलं असतं, असे.

एका पोरीनं एकरी खर्च घेतला, सोयाबीनचा. नांगरणी, बियाण्याची बॅग, खत, तणनाशक, फवारणी, सोंगणी, थ्रेशर, सगळं बापाला विचारून लिहून आणलं अन् खाली बेरीज. मी म्हटलं निंदायला कोण जातं? म्हणे "माय अन् मी." मग त्याचे पैसे कुठं लिहिले? ती थोडा वेळ गप्पच बसली, मग म्हणाली, "मायची मजुरी बी खर्चात धरतात का सर?" त्यावर मी तासभर बोललो असेन, अन् माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला तास होता असं मला आजही वाटतं. हमीभावाची शिफारस करणारा केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाचे वेगवेगळे हिशोब काढतो. खिशातून जे प्रत्यक्ष गेलं तो ए-टू. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की ए-टू अधिक एफएल. अन् स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचं व्याज हेही धरलं की सी-टू. सरकारनं २०१८-१९ च्या बजेटमध्ये दीडपट हमीभावाची घोषणा केली, तो दीडपट कशाच्या, यावर सगळा वाद आहे, सरकार ए-टू अधिक एफएल धरतं अन् शेतकरी संघटना सी-टू मागतात. त्या पोरीनं घरी जाऊन मायचे दिवस मोजले, निंदणाचे, सोंगणीचे, गावातल्या मजुरीच्या भावानं गुणले अन् तीन वेगवेगळ्या बेरजा करून आणल्या. बेरजेच्या खाली तिनं मायच्या नावाचा वेगळा रकाना आखला होता. परीक्षेत हमीभावाचा प्रश्न आला तेव्हा गाइड वाचायची गरज तिला पडली नसणार. हे मी तिला शिकवू शकलो ते विषय तिनं निवडला म्हणून, मी लादला असता तर तिनंही छापील उतरवून आणलं असतं.

आता सुरुवातीला सांगितलेल्या तिघांतला तिसरा प्रश्न, यात माझं काय काय जाईल. हा आपल्या भागात सगळ्यात मोठा अन् स्टाफरूममध्ये सगळ्यात कमी बोलला जाणारा. दिवाळीच्या आगेमागे वर्ग रिकामा झाला की आपण म्हणतो पोरं सुट्टीच्या मूडमध्ये आहेत. नसतात, वावरात असतात. आधी सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, वेचणीला किलोवर पैसे मिळतात, मजूर मिळत नाही, घरचीच पोरगी वेचणीला लावली तर तेवढे वाचतात. तुमच्या एका तासाची किंमत तिच्या घरात त्या दिवशीच्या वेचणीएवढी आहे. शिवाय बस. मी एकदा वर्गात उभं राहून गावानुसार एसटीच्या वेळा लिहून घेतल्या अन् मला कळलं की माझ्या ११ च्या तासाला चार गावच्या पोरांची गाडीच ११.२० ला स्टँडवर लागते, अन् त्यातल्या पोरींना ४ ची परतीची गाडी चुकली तर घरी बोलणी, दोन-तीनदा चुकली तर कॉलेजच बंद. या पोरींना मी दोन वर्षं "उशिरा का येता" म्हणून दारात उभं करत होतो. पासात सवलत असते, पण गाडी वेळेवर नसेल तर पास काय कामाचा.

मग मी काय केलं, टाइमटेबल बदलणं माझ्या हातात नव्हतं, पण तासाच्या आत काय कधी करायचं ते होतं. पहिली वीस मिनिटं उजळणी अन् गणितं, नवीन मुद्दा सगळे आल्यावर. अन् वेचणीच्या दिवसांत जड प्रकरण सुरू करत नाही. जेवढं शिकवलं ते सात-आठ मिनिटांत मोबाइलवर बोलून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, व्हिडिओ नाही, नुसता आवाज. व्हिडिओला डेटा लागतो अन् वावरात रेंज नसते, आवाज रात्री घरी येऊन ऐकता येतो. एका पोरीनं सांगितलं की ती वेचता वेचता कानात लावून ऐकते, मायलाही ऐकवते.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र यात पैसे न लागणारं आहे. पोरगं महिनाभरानं वर्गात आलं की आपण काय म्हणतो? "या साहेब, आज कसा काय रस्ता चुकला?" सगळा वर्ग हसतो. हे वाक्य मी शेकडो वेळा बोललोय, अन् मला आता त्याचा खरोखर त्रास होतो. ज्या दिवशी त्यानं परत यायची हिंमत केली त्याच दिवशी आपण त्याला चारचौघांत पाडलं, परत कशाला येईल तो. आता म्हणतो, "ये, बस. आपण चौथ्या प्रकरणावर आहोत, राहिलेलं हिच्या वहीत आहे, सुट्टीत माझ्याजवळ ये." एवढंच. काहून आला नाही हे वर्गात विचारायचं नाही, नंतर एकटा असताना विचारायचं, अन् विचारलं की ते सांगतात.

आपलं कोणीतरी तिथं असणं याबद्दल दोन गोष्टी. नावं पाठ करा, मॅडम, ८० च्या ८०. कठीण वाटतं पण पंधरा दिवसात होतं. दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या पाठ्यपुस्तकातली मराठी आपल्याच पोरांना परकी वाटते. "ऱ्हासमान सीमांत उपयोगिता" हे तीन शब्द ऐकून वऱ्हाडी बोलणारं पोरगं घाबरतं, मग घरी कोरकू बोलणाऱ्या मेळघाटच्या किंवा कोलामी बोलणाऱ्या यवतमाळच्या पोराचं काय होत असेल. ती पोरं गप्प असतात ते येत नाही म्हणून नाही, चुकीचं मराठी बोललो तर हसतील म्हणून. हार्वर्डला एरिक मझूर फिजिक्स शिकवतात, त्यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत रुजवली, की मधेच एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजारच्याला पटवायचं, अन् परत उत्तर द्यायचं. मी हेच करतो, हात वर करून, अन् शेजाऱ्याशी बोलताना ज्या भाषेत बोलायचं त्या भाषेत बोला म्हणतो. समजल्यावर शेवटी पुस्तकातला शब्द मी देतो, परीक्षेत तोच लिहायचा. आधी कल्पना, मग शब्द. अन् याला हार्वर्ड कशाला पाहिजे, ज्यांचं नाव आपल्या अमरावती विद्यापीठाला आहे ते गाडगेबाबा कीर्तनात हेच करत. समोरच्या माणसाला त्याच्याच बोलीत प्रश्न विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं, मग पुढचा प्रश्न. हजारो माणसं बसायची रात्र रात्र, अन् त्यातली कितीतरी कधी शाळेत न गेलेली.

मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांच्या "बुद्धी वाढते" या विचाराबद्दल मास्तरांच्या रिफ्रेशर कोर्सला फार सांगतात, म्हणून तेही सांगून टाकतो. विचार चांगला आहे, पण नुसतं पोस्टर लावून होत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या शाळांचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात मागे पडलेल्या मुलांच्या मार्कांत फरक दिसला पण लहान, अन् जिथं आजूबाजूच्या पोरांचं वातावरण साथ देणारं होतं तिथंच तो नीट टिकला. त्यामुळे "मेहनत कर" म्हणण्याआधी मेहनत नेमकी कुठं अन् कशी करायची ते दाखवा. टक्केवारी न येणाऱ्याला नुसती मेहनत करायला सांगणं म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याला हातपाय जोरात मार म्हणणं.

मोबाइलबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. हाताला काम दिलं की तो खाली जातो, व्याख्यान लांबलं की वर येतो.

आता खरं सांगतो, हे सगळं करून ८० पैकी ८० येणार नाहीत. माझ्याकडे आता ३५-४० येतात, कधी ४५. काहींनी नाव फक्त स्कॉलरशिपसाठी टाकलेलं असतं, काही नागपूर-पुण्याला कंपनीत लागलेले असतात अन् पेपरलाच उगवतात, काही पोरींचं मधेच लग्न ठरतं. त्या प्रत्येकाचं अपयश स्वतःच्या अंगावर घेऊ नका, विशेषतः तुम्ही. तासिकेचे पैसे कधी मिळतील याची खात्री नसताना तुम्ही हा प्रश्न विचारताय याचं मला फार वाटतं. सगळं एकदम सुरू करू नका, मोडून पडाल. मीही एका वर्षात नाही केलं, चिठ्ठ्यांपासून बुधवारच्या चाचणीपर्यंत यायला मला चार-पाच वर्षं लागली.

सोमवारी फक्त दोन कामं करा. जे १२ येतील त्यांच्याकडून एसटीच्या वेळा लिहून घ्या, अन् शेवटच्या पाच मिनिटांत चिठ्ठ्या. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, वर्गात नको. अन् दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना त्यातल्या एका अडचणीचं उत्तर द्या, कोणाची ते न सांगता. चिठ्ठी वाचली गेली हे दिसलं तरच पुढच्या वेळी खरं लिहितात, नाही तर "सगळं समजलं मॅडम" एवढंच येईल. टक्केवारी अडलेली निघाली, अन् मला वाटतं निघेलच, तर हिशेबपट्टीवरची माझी ४० उदाहरणं हातानं लिहिलेली आहेत, फोटो काढून पाठवतो. त्यातले भाव जुने आहेत, तेवढे तुमच्या मार्केटचे टाकून घ्या.